महर्षी अण्णासाहेब कर्वे यांची साताऱ्याची वाट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून देण्याची सूचना केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात संकोचच उत्पन्न झाला. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. त्यापुढे शिक्षकाचे प्रशिक्षण आणि प्राथमिक शाळेतील नोकरी, एवढेच काय ते आमचे भांडवल. विद्वानांनी चरित्रे लिहावीत आणि आमच्यासारख्यांनी ती वर्गात वाचून दाखवावीत, हाच क्रम आजवर चालत आला. तथापि महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यातील एक प्रसंग गेली कित्येक वर्षे आमच्या मनात घर करून बसला आहे. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच. तो सांगण्याच्या निमित्ताने आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे.

अण्णासाहेबांनी उभारलेल्या संस्था, त्यांना लाभलेले मानसन्मान आणि एकशे चार वर्षांचे त्यांचे दीर्घायुष्य यांविषयी आपल्या वाचकांना नव्याने सांगावे असे फारसे काही नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांना मिळालेल्या नकारांविषयी. आपत्ती ही ईश्वराची कृपाच होय, असे सांगणारी प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत, आणि खरे सांगावयाचे तर त्यांचा आम्हांस कंटाळाही आला आहे. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगावे, तसा तो प्रकार वाटतो. अण्णासाहेबांचे चरित्र वाचताना मात्र हा कंटाळा येत नाही. असे का, याचा उलगडा लिहिता लिहिता झाला तर पाहू.

रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी १८ एप्रिल १८५८ रोजी अण्णासाहेबांचा जन्म झाला. कर्वे घराणे दापोलीजवळच्या समुद्रकाठच्या मुरुडचे. घरची स्थिती ओढगस्तीची, पण अब्रूदार. मुरुडच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी लाभले, हे त्यांचे पहिले आणि कदाचित सर्वांत मोठे भाग्य. गावातील लोकांना जगाच्या घडामोडी कळाव्यात म्हणून देवीच्या देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम या मुलाकडे असे. मुलगा बुजरा होता, अंगाने किरकोळ होता, आणि चारचौघांत बोलावयाचे म्हटले की त्याच्या जिवावर येई. वाचून दाखविणे त्यास जमे, कारण त्यात शब्द दुसऱ्याचे असत.

१८७५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा होती. ती उत्तीर्ण झाल्यावाचून शिक्षकाची किंवा लहानशी सरकारी नोकरी मिळणे दुरापास्त असे. परीक्षेस बसणाऱ्याचे वय सतरा वर्षे पूर्ण असावे असा नियम होता, आणि अण्णांना सतरा पुरी होऊन पाच महिने लोटले होते. मुंबईस जाऊन परीक्षा द्यावी असा बेत ठरला. परंतु हवा बिघडली आणि गलबते बंद पडली. मुंबईचा मार्ग खुंटला. दुसरे केंद्र साताऱ्यास, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे, शंभराहून अधिक मैलांवर. हातात उरलेले दिवस अवघे चार. अण्णा आणि त्यांचे सोबती पायी निघाले. पावसाचे दिवस, वाटा निसरड्या, कुंभार्ली घाटाची चढण आणि पायांत कोकणातला चिखल. आजही त्या घाटातून मोटारीने जाताना पावसाळ्यात छातीत धडकी भरते. मग पायी जाणाऱ्या त्या पोरांचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. चालून चालून पाय सुजले. पण परीक्षेच्या वेळेपर्यंत ही मंडळी साताऱ्यास पोहोचली.

पुढील प्रसंग अगदी थोडक्यात घडला. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी या किरकोळ मुलाकडे पाहिले, वय विचारले, आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही असा निर्णय देऊन त्याला परत पाठविले. वयाचा दाखला जवळ होता; परंतु कागदापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणे त्या गृहस्थांना अधिक योग्य वाटले. चार दिवसांची चाल क्षणात फुकट गेली. आता परत जाण्याची वाट तीच, घाट तोच, पाऊस तोच. फक्त पुढे परीक्षा नव्हती.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. एखादे मोठे संकट आले म्हणजे माणसाच्या भोवती दहा माणसे जमतात, धीर देतात, आणि त्या गर्दीत दुःख थोडे वाटले जाते. हा प्रसंग तसा नव्हता. कोणी मेले नव्हते, घर जळाले नव्हते. एका मुलाचे एक वर्ष गेले, इतकेच. अशा लहान निराशेला सोबतीला कोणी नसते. ती ज्याची त्यालाच गिळावी लागते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती गिळल्यानंतर जन्मभर पोटात कडू राहते. अण्णांनी पुढे १९१५ साली आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. त्यात हा प्रसंग आहे. परंतु साताऱ्याच्या त्या गृहस्थांविषयी कटुता म्हणून नाही.

पुढल्या वर्षी अण्णा कोल्हापूरच्या केंद्रातून ती परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतरचा शिक्षणाचा मार्गही सरळ नव्हता. इंग्रजी शिकण्यास आरंभच उशिरा झाला. ज्या वयात सधन घरचे मुलगे पदवीधर होत, त्या तेविसाव्या वर्षी, १८८१ साली, ते मॅट्रिक झाले. मुंबईत शिकवण्या करून पोट भरावयाचे आणि त्यातूनच शिकावयाचे, असा क्रम चालला. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित हा विषय घेऊन ते बी. ए. झाले. उशीर झालेल्या विद्यार्थ्याकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी त्यांना या वर्षांत लाभली असावी, असे आमचे अनुमान आहे. पुढे त्यांच्या आश्रमात ज्या विद्यार्थिनी आल्या, त्यांत मोठ्या वयात प्रथमच पाटी हाती घेणाऱ्या कितीतरी होत्या. आता फार उशीर झाला, असे सांगून परत पाठविणारा मनुष्य त्या दाराशी बसलेला नव्हता.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या, आणि त्याच साली नामदार गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास आले. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवीत होते. पदरी मुलगा होता, वय तेहतीस. त्या काळच्या रीतीप्रमाणे एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी पाहून पुन्हा बोहल्यावर उभे राहणे सहज शक्य होते. कोणी बोट दाखविले नसते. अण्णांनी ठरविले की लग्न करावयाचे तर विधवेशी, नाहीतर नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात गोदूबाई नावाच्या विद्यार्थिनी होत्या. त्या अण्णांचे स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. अगदी बालपणीच त्यांना वैधव्य आले होते. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणत.

आता जे लिहावयाचे आहे ते ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिणे थोडे अवघड आहे. परंतु ते गाळून अण्णासाहेबांचे चरित्र लिहिता येणार नाही. अण्णासाहेब हे आपल्या ज्ञातीचे भूषण होत, असे आपण प्रतिवर्षी म्हणतो. आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे, आणि समारंभाच्या दिवशी तिला हार घालण्यात येतो. त्या ज्ञातीनेच १८९३ साली त्यांना वाळीत टाकले होते. नवी पत्नी घेऊन ते मुरुडास गेले, तेव्हा गावाने एकत्र बसून निर्बंध घातले. ज्या सभेस कर्वे असतील तेथे कोणी बसावयाचे नाही, आणि घरच्या माणसांनी त्यांना थारा दिला तर त्या माणसांवरही बहिष्कार. ज्या गावात लहानपणी देवळात बसून त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखविले, ज्या गावासाठी मुंबईकर मुरुडकरांकडून वर्गणी गोळा करून मुरुड फंड उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला, त्या गावाने हे केले. आईचे व वडील बंधूंचे हाल होऊ नयेत म्हणून अण्णा आपल्या घरापासून दूर राहिले.

हे वाळीत टाकणारे लोक दुष्ट होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते आपल्या आजोबा-पणजोबांसारखेच साधे लोक होते. आपण नियम पाळीत आहोत अशी त्यांची समजूत होती. साताऱ्याच्या गृहस्थांचीही हीच समजूत होती.

या बहिष्कारातून अण्णांनी जे घेतले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही, आणि गावापुढे मानही तुकविली नाही. लोक असे का वागतात, याचा त्यांनी शांतपणे विचार केला. विधवाविवाहाच्या प्रसारासाठी त्यांनी १८९३ सालीच एक मंडळी स्थापिली होती. परंतु अनुभवाने त्यांना असे दिसून आले की, एका विधवेचा विवाह घडवून आणला तर एका घराचे भले होते आणि दहा घरे बिथरतात. तिला स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल असे शिक्षण दिले, तर पुढला निर्णय तीच घेईल. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि पुढे आश्रमाविषयी लोकांच्या मनात किंतु राहू नये म्हणून विधवाविवाहाच्या मंडळीच्या कामातून ते बाजूला झाले. यामुळे सुधारकही त्यांच्यावर नाराज झाले. सनातनी आधीच नाराज होते. दोन्ही बाजूंची नाराजी एकाच माणसाने इतक्या शांतपणे सोसल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात फार नाहीत.

त्यानंतर पुण्यात प्लेगने थैमान घातले. शहरात आश्रम ठेवणे कठीण झाले, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. हिंगणे आज पुणे शहरात सामावून गेले आहे आणि तेथे मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. पण त्या काळी ते गावाबाहेर चार मैलांवरचे माळरान होते. धड रस्ता नव्हता. दिवसभर कॉलेजात गणित शिकवावे, संध्याकाळी आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन चिखल तुडवीत हिंगण्यास जावे, रात्री तेथे मुलींना शिकवावे आणि सकाळी पुन्हा पायी कॉलेजात यावे, असा क्रम अण्णांनी कितीतरी दिवस चालविला. या चालण्याचे वर्णन वाचताना आमच्या डोळ्यांपुढे कुंभार्लीचा घाट येतो. साताऱ्याची वाट फुकट गेली असे आपण वर म्हटले. परंतु चिखलातून चालण्याची आणि मुक्कामाला काही मिळेलच अशी खात्री नसताना चालण्याची सवय त्या मुलाला तेथेच लागली, असे मानण्यास काय हरकत आहे? हे आमचे मत आहे. अण्णांनी असे कोठे म्हटल्याचे आम्ही सांगत नाही.

या सर्व काळात घरी बाया होत्या, हे विसरून चालणार नाही. संस्थांसाठी सर्वस्व वेचणाऱ्या पुरुषाच्या घरात चूल कशी पेटते हे त्या चुलीपुढे बसणारीलाच ठाऊक. आनंदीबाईंनी पुढे आपल्या आठवणी ‘माझे पुराण’ या नावाने लिहिल्या. त्या पतिभक्तीने भरलेल्या असूनही आडपडदा न ठेवणाऱ्या आहेत. अण्णांच्या चरित्रात त्यागाचे जितके श्रेय त्यांचे, तितकेच बायांचे. फरक इतकाच की त्यांनी तो त्याग आपण होऊन निवडला, आणि बायांच्या वाट्याला तो पुष्कळदा न विचारताच आला.

पुढील इतिहास आम्ही भरभर सांगतो. १९०७ साली महिला विद्यालय आणि १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन झाला. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने अण्णांकडे आली होती. ती काही काळ तशीच पडून राहिली. पुढे ती वाचनात आली आणि त्यातून भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना साकारली. १९१६ साली या विद्यापीठाच्या कॉलेजात पाच विद्यार्थिनी होत्या. पाच! आमच्या खेड्यातील शाळेत पटावर वीस मुले असली तर ती शाळा बंद करावी की काय, याची चर्चा आम्ही ऐकली आहे. अण्णांनी पाच मुलींवर विद्यापीठ चालू केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तरीही सरकारची कायदेशीर मान्यता मिळावयास १९४९ साल उजाडावे लागले. म्हणजे तेहतीस वर्षे या मुलींच्या पदवीकडे सरकार, साताऱ्याच्या त्या गृहस्थांप्रमाणेच, साशंक नजरेने पाहत होते. दाखला होता, तो मानावयास कोणी तयार नव्हते.

एकाहत्तराव्या वर्षी अण्णा विद्यापीठासाठी परदेशी गेले आणि पुढील तीन वर्षांत युरोप, अमेरिका, जपान व आफ्रिका फिरून आले. वक्तृत्व त्यांना कधीच साधले नाही. लहानपणाचा बुजरेपणा पूर्णपणे गेलाही नसावा. ते दारोदार जात, साध्या शब्दांत काम सांगत, मिळेल ते घेत, न मिळाल्यास नमस्कार करून पुढल्या दाराशी जात. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली, आणि १९४४ साली समता संघ. ज्या मनुष्याला ज्ञातीच्या पंक्तीतून उठविले, त्याने उतारवयात जातिभेद मोडण्याचे काम हाती घेतले, यात आम्हांस सूड दिसत नाही. धडा नीट शिकलेला विद्यार्थी दिसतो. १९५८ साली, वयाला शंभर वर्षे पूर्ण होताना, त्यांना भारतरत्न मिळाले, आणि त्याच साली त्यांचे चित्र टपालाच्या तिकिटावर छापले गेले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

आता आमच्या मनात हा प्रसंग घर करून का बसला ते सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका केंद्रावर आम्ही पर्यवेक्षक होतो. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर एक मुलगा बापाबरोबर आला. सकाळची एस. टी. आली नव्हती, दोघे वाडीवरून दहा-बारा किलोमीटर चालत आले होते. मुलाच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. उशिरा येणाऱ्यास आत घ्यावयाचे नाही असा नियम होता, आणि नियम आम्ही पाळला. केंद्रप्रमुखांना विचारण्याची तसदीही आम्ही घेतली नाही. परतीची गाडी दुपारी असल्यामुळे पेपर संपेपर्यंत तो मुलगा व्हरांड्यात उभा होता. खिडकीतून आतल्या मुलांची लिहिणारी डोकी त्याला दिसत असावीत. तो रडला नाही. बापाने आम्हांस नमस्कार केला आणि दोघे गेले.

वास्तविक नियमांच्या बाबतीत आम्ही शिक्षक इतके सोवळे नसतो. आमच्या पिढीतील निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा आहे, तो काय सगळ्या आयांनी ठरवून दिला? शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. सोयीसाठी एवढा मोठा नियम वाकविणारे आम्ही, त्या दिवशी अर्ध्या तासासाठी ताठ राहिलो.

अण्णासाहेबांना साताऱ्याहून परत पाठविले ते बरेच झाले, त्यामुळेच ते घडले, असे बोलणारी माणसे भेटतात. असे म्हणण्याचा अधिकार फक्त अण्णांना होता. परत पाठविणाऱ्यास तो नाही. मिळालेल्या नकाराबद्दल कृतज्ञ राहावयाचे की नाही, हे ज्याला नकार मिळाला त्याने ठरवावयाचे. देणाऱ्याने त्यावर श्रेय सांगू नये. त्या वाडीवरच्या मुलाचे पुढे काय झाले, तो शिकला की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. व्हरांड्यात उभे राहिल्याने त्याचे भले झाले, असे आम्ही स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले. ते पटत नाही.

जाता जाता मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती. यंदा शैक्षणिक साहाय्यासाठी आलेल्या अर्जांपैकी काही अर्ज मुदतीनंतर पोहोचले म्हणून, आणि एक-दोन उत्पन्नाचा दाखला जोडला नाही म्हणून, बाजूला ठेवण्यात आले आहेत. ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडेल तेव्हा वार्षिक समारंभ झालेला असेल. परंतु साहाय्याचे वाटप त्यानंतर महिन्याने व्हावयाचे आहे. बाजूला ठेवलेल्या अर्जांचा तो गठ्ठा कार्यालयातील कपाटात, वरच्या कप्प्यात, तांबड्या फितीने बांधून ठेवलेला आहे. अर्जांची नोंद करण्याचे काम आमच्याकडे असल्यामुळे तो आम्ही स्वतःच तेथे ठेवला. पुढील बैठकीत तो खाली काढावा. दाखले मिळवून देण्यासाठी त्या मुलांच्या घरी जावे लागल्यास आम्ही जाऊ. सध्या आम्हांस वेळ पुष्कळ आहे आणि पायही अद्याप चालतात.